दोन लाख साठ हजार

गेलं वर्षभर माझ्या पोटात एक आजार वाढत होता आणि रोज सकाळी एक मशीन माझं रक्त घेऊन मी ठणठणीत असल्याचं कळवत होतं. मशीन काही साधंसुधं नव्हतं. आमच्या हिंगणमाळ तालुक्यातल्या कितीतरी लोकांचे कॅन्सर, गाठ हाताला लागायच्या आधी, याच मशीनने पकडले होते. ते माझ्याच घराच्या तळमजल्यावर होतं आणि माझ्याच नवऱ्याच्या मालकीचं होतं. हे मी रागाने सांगत नाही. राग येऊन गेला, तो परत येईल, तेव्हा मधल्या वेळात सांगून टाकते.

माझे यजमान डॉ. धैर्यशील साळुंखे, पॅथॉलॉजिस्ट. माणूस सज्जन, फक्त एकदा तोंडातून निघालेलं मत परत घ्यायचं त्यांना जमत नाही. मी कन्याशाळेत भूगोल शिकवायचे. माझं नाव हर्षला, पण लग्नानंतर गावाने मला डॉक्टरीणबाई करून टाकलं आणि बाया मला भाजीच्या गाड्यापाशी अडवून रिपोर्ट दाखवू लागल्या. रोज कोण ना कोण कागद पुढे करणार म्हटल्यावर थोडंफार शिकून घेणं भाग पडलं.

रक्ताचा साधा रिपोर्ट तुम्हीही पाहिला असेल. वर हिमोग्लोबिन, मग पांढऱ्या पेशी आणि खाली कुठंतरी प्लेटलेट. प्लेटलेट ही पुरती पेशीसुद्धा नसते. हाडांच्या आतल्या मज्जेत एक भली मोठी पेशी असते, तिचे कपचे उडून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. त्यांना केंद्रक नाही आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. काम मात्र मोलाचं. रक्तवाहिनी जिथं फाटेल तिथं धावत जाऊन बूच मारायचं. रक्ताच्या एका अगदी बारीक थेंबात त्या दीड ते साडेचार लाख असाव्यात. कमी झाल्या की रक्त थांबत नाही, म्हणून कमी आकडा पाहून सगळे घाबरतात. जास्त झाल्या तर फारसं कुणी घाबरत नाही. त्या अंगात लोह कमी असलं तरी वाढतात, कुठं सूज असली तरी वाढतात, आणि कधी कधी आत लपलेली एखादी गाठ मज्जेला सारखी ‘अजून पाठव, अजून पाठव’ म्हणत असते, म्हणूनही वाढतात. रिपोर्टात त्यांचा सरासरी आकारही दिलेला असतो. नव्या ताज्या प्लेटलेट मोठ्या असतात, जुन्या होतात तशा लहान. एवढं कळलं की तुम्हीसुद्धा भाजीच्या गाड्यापाशी डॉक्टरीणबाई होऊ शकता.

पुढचा शोध आमच्या लग्नानंतरचा. प्लेटलेट रक्तात हिंडता हिंडता दुसऱ्या पेशींचे संदेशाचे बारीक तुकडे उचलतात, हे शास्त्रज्ञांना कळलं. जिथून गेल्या तिथलं काहीतरी अंगाला लावून येतात. फुप्फुसात गाठ असेल तर तिथले तुकडे, आतड्यात असेल तर तिथले. मग ते तुकडे वाचणारं मशीन निघालं. साध्या रक्ततपासणीच्या नळीतलंच रक्त, पण मशीन प्लेटलेट मोजायचं, त्यांचा आकार बघायचं आणि त्यांच्या अंगावरची साक्षही वाचायचं. म्हणून त्याचं नावच ‘साक्षी’. आमच्या तालुक्यात ते यांनी पहिल्यांदा आणलं. वाड्यावस्त्यांवरून ड्रोनने नळ्या यायच्या आणि दुपारपर्यंत रिपोर्ट लोकांच्या फोनवर जायचे.

यात एक अडचण होती. कुठलंही मोजायचं मशीन रोज सकाळी आधी माहीत असलेल्या मापाशी जुळवून लावून घ्यावं लागतं. जुन्या मशीनना बाटलीतलं रक्त मिळायचं, त्यात किती पेशी आहेत ते कंपनीने आधीच ठरवलेलं असायचं. पण बाटलीतल्या मेलेल्या प्लेटलेटवर साक्ष टिकत नाही. तेव्हा कंपनीने ठरवलं, जिवंत निरोगी माणसांचंच रक्त रोज सकाळी मशीनला दाखवायचं. त्या माणसांचे आकडे सुरुवातीला नीट तपासून मशीनमध्ये भरायचे आणि त्या मापाने बाकी सगळ्यांना मोजायचं. अशा माणसाला कंपनी ‘मानकदाता’ म्हणायची. माझ्या वडिलांचा, दादांचा, मदुराईला सोनं गाळायचा धंदा होता, त्यामुळे मला हे लगेच समजलं. कसोटीच्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढायची, शेजारी आपल्याजवळच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींचा रंग ताडून बघायचा. मी ती सळई होते.

एकटी मी नव्हे. कंपनीचा नियम होता की पाच माणसं हवीत, आणि ती बदलत राहायची. पहिल्या वर्षी पाच होतोही. हे स्वतः, मी, टेक्निशियन अक्षता, माझे दीर संग्राम भाऊजी आणि समोरच्या मेडिकलवाले तांबोळी. पुढं भाऊजींना सुई बघून चक्कर यायला लागली. तांबोळींना साखर निघाली. अक्षता बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि यांचं स्वतःचं रक्त रात्रीच्या मटणावर अवलंबून. राहिले मी. माझ्या प्लेटलेट दोन लाख साठ हजार, उन्हाळा असो की दिवाळी. हे कौतुकाने मित्रांना सांगायचे, आमच्या हिचं डोकं जागेवर नसेल एक वेळ, प्लेटलेट जागेवर असतात.

मग एका सकाळी यांनी पाचही नळ्या माझ्याच हातातून भरल्या. पाच नळ्यांवर पाच नावांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि मशीनला दिल्या. आजच्या दिवस, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीनला फसवावं असं त्यांच्या मनात नव्हतं. सकाळी सकाळी चार माणसांना गोळा करायचा ताप वाचत होता आणि माझ्या रक्ताचा त्यांना भरवसा होता. मशीनला कळलं कसं नाही असं पुढे सगळ्यांनी विचारलं. रक्तावरून माणूस ओळखायचा नाही असा तोवर कायदाच झाला होता. मशीनला दिसत होतं ते एवढंच की पाच माणसांचे आकडे एकमेकांशी फार सुंदर जुळतात. त्या जुळण्याबद्दल कंपनीने यांना मानपत्र पाठवलं. ते लॅबच्या भिंतीवर लागलं आणि मीच त्याला हार घातला.

माझा हात मात्र अडकून पडला. जिवंत रक्त काही तासच टिकतं, त्यामुळे मला गाव सोडून मुक्कामाला जाता येईना. भाचीच्या लग्नाला मी सकाळी रक्त देऊन गेले आणि रात्री परत आले. कोकणात जायचं तर वर्षानुवर्षं राहिलंच. तक्रार केली की हे म्हणायचे, अगं, तालुका तुझ्यावर उभा आहे. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. घरात कुणी माझ्या भूगोलाला असं कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गावात प्लेटलेट कमी निघायला लागल्या. डेंगी आमच्याकडे दर वर्षी असतोच, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. पण थंडी आली, डास गेले, तरी आकडे खालीच. ताप नाही, अंगावर डाग नाहीत, माणूस हिंडता-फिरता, आणि रिपोर्टात एक लाख दहा हजार. दर महिन्याला थोडं आणखी खाली. नगरपालिकेने धूर फवारला. पपईच्या झाडांची पानं लोकांनी ओरबाडून नेली. शेजारच्या आक्का भिंतीवरून विचारायच्या, “डॉक्टरीणबाई, तुमच्यात पप्याची पानं हायत का वं? आमच्या नातवाला एक लाखच ऱ्हायल्यात.” ड्रॅगन फ्रूटवाल्यांनी तर दोन हंगामांचं एकाच हंगामात कमावलं. कुणी बाहेरच्या गावी तपासून आलं आणि आकडा नीट निघाला, तर हे म्हणायचे, प्लेटलेट वरखाली होतातच आणि त्यांची मशीनं जुनी आहेत.

खरं तर हे मनातून हरखले होते. हिंगणमाळच्या पाण्यात किंवा हवेत काहीतरी आहे, ज्याने अख्ख्या वस्तीच्या प्लेटलेट उतरतात, असा एखादा नवा विकार आपल्याला सापडलाय असं त्यांना वाटत होतं. निबंध लिहायला घेतला होता. सगळ्या गावात फक्त एका माणसाचा आकडा ढळलेला नव्हता. तो माझा. हे त्यांनी निबंधात घातलं होतं, की सुदैवाने आमचे मानक भक्कम आहे.

त्याच महिन्यांत मला दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. परकराची नाडी मी सैल बांधू लागले. जिना चढून आले की पायरीवर बसावंसं वाटायचं. यांना सांगितलं तर म्हणाले, पन्नाशी उलटली, पाळी गेली, वजन वाढणारच, चालायला जात जा. आणि मग हसून म्हणाले, तुला काही असतं तर साक्षीने पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. हे माझ्याही मनाला पटलं. रोज सकाळी ज्या रक्तावर सगळ्या गावाचा निवाडा होतो, त्यात दोष असेल असं कुणाच्या मनात येणार?

माघात आमची लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला घरी आली. पुण्यात तिची सगळी तपासणी व्यवस्थित झाली होती, प्लेटलेट दोन लाख दहा हजार. तरी बापाचं मन. आल्या आल्या त्यांनी तिचं रक्त साक्षीला दिलं आणि आकडा आला शहाण्णव हजार. यांचा चेहरा उतरला. गावातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी हात वर केले, म्हणाल्या, मणक्यात भुलीचं इंजेक्शन देता येणार नाही, टाके घालायची वेळ आली तर रक्त थांबेल की नाही सांगता येत नाही, सांगलीला न्या. आक्का पानं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या, कारण गर्भार बाईला पपई चालत नाही. मग ड्रॅगन फ्रूट आलं. ऋतुजा ते बिचारी दोन वेळा खात होती आणि मला म्हणत होती, “आई, तुझं पोट बघ. माझ्याबरोबर तूही दाखल होतेस की काय?” आम्ही दोघी आरशासमोर शेजारी शेजारी उभ्या राहून हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि ते ऐकलं की मला बसवत नाही.

सांगलीच्या रुग्णालयात लॅब बघायच्या त्या डॉ. यास्मिन शिकलगार, यांच्या कॉलेजातल्या. त्यांच्याकडे साक्षी नव्हती, बाटलीतल्या रक्ताने लावायचं जुनं मशीन होतं. त्यावर ऋतुजाचा आकडा आला दोन लाख आठ हजार. मी हात जोडले. हे मात्र अडून बसले. तुझं मशीन चुकतंय, असं त्यांनी यास्मिनताईंना चार लोकांत सांगितलं. ताईंना राग आला असेल, पण त्या म्हणाल्या, बरं, कसं ठरवायचं ते तूच सांग.

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हर्षलाचं काढ. दोन लाख साठ हजार. मी रोज बघतोय इतकी वर्षं. तुझं मशीन काय दाखवतंय ते बघू.”

मी बाही वर केली. त्या कामाला मी सरावलेली होते, आणि यांची बाजू खरी ठरावी असं मला वाटतही होतं. नवरा चार लोकांत खोटा पडावा असं कुठल्या बाईला वाटेल? थोड्या वेळाने आकडा आला. पाच लाख सत्तर हजार.

हे हसले. किती दिवसांनी इतकं मोकळं हसले. “बघ. दुपटीहून जास्त दाखवतंय. म्हणजे ऋतुजाच्या खरंच लाखाच्या आत आहेत.”

यास्मिनताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “काचेवर बघू या. काच काही कुणाच्या मापाने लावावी लागत नाही.”

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याने मोजायचं, ही जुनी पद्धत. दिसणाऱ्या एका वर्तुळात एक प्लेटलेट दिसली तर रक्तात साधारण वीस हजार धरायच्या. हे त्यात एके काळी नावाजलेले होते. खुर्ची ओढून बसले, डोळा लावला, आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. त्यांनी पहिल्या वर्तुळाचा आकडा मोठ्याने म्हटला, अठ्ठावीस. काच सरकवली. तीस. परत सरकवली. सत्तावीस. मग ते आकडे म्हणायचे थांबले, पण काच सरकवत राहिले. शेवटी यास्मिनताईंनी माझी काच काढून ऋतुजाची ठेवली. दहा, हे म्हणाले. अकरा. दहा.

यांचा डोळा अजून तिथंच होता. भूगोलाच्या बाईला तेवढा हिशेब येतो. तीस म्हणजे सहा लाख. दहा म्हणजे दोन. ऋतुजा ठीक होती. गावातली सगळी माणसं ठीक होती. कुणाच्याही प्लेटलेट उतरल्या नव्हत्या. माझ्या चढल्या होत्या, आणि मशीन रोज सकाळी माझ्या चढलेल्या प्लेटलेटना दोन लाख साठ हजार समजून सगळ्या जगाला तेवढं खाली ओढत होतं.

“मशीन रोज हिच्यावर लावतो,” हे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“पाच जण असतात ना?” यास्मिनताईंनी विचारलं. “बाकीचे चार?”

उत्तर मीच दिलं. “बाकीचे चारही मीच.”

यास्मिनताईंनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, प्लेटलेट वाढल्या म्हणजे कॅन्सरच असं नाही, लोह कमी असेल, कुठं सूज असेल, आधी बघू तर. त्या बोलत होत्या तेव्हा हे माझ्या पोटाकडे बघत होते. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाने माझं पोट त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरच्या नजरेने बघितलं. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. दोन्ही अंडाशयांवर गाठी होत्या आणि आतल्या पडद्यावर दाणे पसरले होते. कॅन्सरची तिसरी पायरी, असं पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. आठ-नऊ महिन्यांपूर्वी कळलं असतं तर काय, असं यांनी त्यांना विचारलं. मी हाताने नको म्हटलं, पण त्यांनी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, तेव्हा बहुधा एवढं पसरलं नसतं. बहुधा, असं ते दोनदा म्हणाले. तो त्यांचा चांगुलपणा.

त्याच आठवड्यात, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऋतुजाला मुलगी झाली. मणक्यात इंजेक्शन दिलं, काही त्रास झाला नाही. नात माझ्या हातात दिली तेव्हा माझ्या पोटाला नळी लावून पाणी काढलेल्या जागेवर पट्टी होती. ऋतुजाला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, आई, तू रडतेस काय अशी? मी म्हटलं, आनंदाने. ते अर्धं खरं होतं.

गावी आल्यावर यांनी साक्षी बंद केली आणि दारावर पाटी लावली. मग वर्षभराचे रिपोर्ट काढून एकेका घरी फोन. ज्यांच्या प्लेटलेट कमी सांगितल्या होत्या ते लोक हसले, कुणी शिव्या दिल्या, कुणी ड्रॅगन फ्रूटचा खर्च सुनावला. आक्का एवढंच म्हणाल्या, “नातू बरा हाय न्हवं, मग झालं.” तो भाग सोपा होता. अवघड भाग दुसरा. साक्षी प्लेटलेटची नुसती संख्या माझ्यावरून ठरवत नव्हती, त्यांच्या अंगावरचं सगळं माझ्यावरून ठरवत होती. माझ्या गाठींचे तुकडे माझ्या प्लेटलेटवर होते आणि मशीनने निरोगी बाईच्या अंगावर हे असायचंच, असं शिकून घेतलं होतं. ज्या बाईला माझ्यासारखंच काही असेल, तिला त्याने या वर्षात छान आहात म्हणून घरी पाठवलं असणार. यांनी अशा सगळ्या बायांना शोधून सांगलीला नेलं, स्वतः गाडी चालवून, खेपा करून. त्यांतल्या दोघींचे रिपोर्ट बदलले. एक माझ्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी आहे. तिला दोन लहान मुलं आहेत. ती मला भेटायला आली आणि बाई, तुम्ही जपा, असं म्हणाली. मला तिच्याकडे वर बघता आलं नाही. दादांच्या दुकानात सळईतच भेसळ निघाली असती तर सळईला काही कळलं नसतं, ती आपली मखमलीत पडून राहिली असती. मला मात्र सगळं कळत होतं.

कंपनीची माणसं आली, चौकशी झाली, मानपत्र परत नेलं. खरे पाच मानकदाते ठरवायचे तेव्हा यांना वाटलं कुणी येणार नाही. आक्का आल्या, त्यांची सून आली, रजेवरून केव्हाच परतलेली अक्षता आली. संग्राम भाऊजी भिंतीकडे तोंड करून बसले आणि डोळे मिटून हात पुढे केला. तांबोळींनी आपल्या मुलाला पाठवलं. मशीन नव्याने लागलं. त्यानंतर पहिला पेशंट म्हणून मी बाकावर बसले. अक्षताने विचारायचं म्हणून नाव विचारलं, वय विचारलं आणि मान खाली घालून लिहिलं. रक्त मीच काढणार, असं हे म्हणाले. इतकी वर्षं रोज एका टोचणीत शीर सापडायची. त्या दिवशी दोनदा चुकली, हातावर निळा डाग उठला, आणि शेवटी अक्षताने सुई त्यांच्या हातून घेतली. रिपोर्टाखाली मशीनने लाल अक्षरांत लिहिलं, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. डॉक्टर माझ्या शेजारीच बसले होते.

मी यांच्यावर ओरडले, एकदाच, स्वयंपाकघरात. माझा हात तेवढा तुम्हाला दिसला, बाकी बाई दिसलीच नाही, असं मी म्हणाले. ते पाट घेऊन खाली बसले आणि अजून बोल म्हणाले. त्यांना मारून माझ्या गाठी जाणार नव्हत्या, आणि संध्याकाळी सांगलीला तेच नेणार होते. मी भात लावला. आम्ही दोघं जेवलो, म्हणजे ते जेवले आणि मी दोन घास खाल्ले.

आता दर तीन आठवड्यांनी मला सलाइनमधून औषध देतात. औषध गाठींना मारतं आणि मज्जेलाही मारतं, त्यामुळे औषधानंतर प्लेटलेट पडतात. किती पडल्या ते बघायला अक्षता वर येऊन रक्त नेते. पुढच्या आठवड्यात त्या लाखाच्या खाली जातील, कदाचित पन्नास हजारांवर येतील, दात घासताना हिरडीतून रक्त येईल, हे मला मागच्या दोन खेपांवरून माहीत आहे. यांना तर माझ्याहून चांगलं माहीत आहे.

परवा सकाळी मी नातीला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले होते. जिन्यावर यांचे पाय वाजले, दोन-दोन पायऱ्या एकदम, तरुणपणी चढायचे तसे. हातात रिपोर्ट होता. तो त्यांनी माझ्यासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. दोन लाख साठ हजार.

“बघ,” ते म्हणाले. “नॉर्मल.”

त्यांचा चेहरा एखाद्या पोराला बक्षीस मिळावं तसा झाला होता. तो आकडा वरून खाली घसरत येताना त्या दिवशी तिथून जात होता, दुसऱ्या दिवशी तो तिथं नसणार होता. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी रिपोर्ट घेतला. इतकी वर्षं हा आकडा माझा होता, पण मला कधी कुणी कागदावर दिला नव्हता.

“हो,” मी म्हटलं, “अगदी नॉर्मल,” आणि नातीला त्यांच्याकडे दिलं.